आगवाल्याची खुंटी

साहेब, तुम्ही भिंत बघितलीत आणि निकाल दिलात. शेडच्या भिंतीवर ओळीने टांगलेली फावडी बघितलीत, मुकादमाला विचारलंत, "याचं कुठलं?" त्याने बोट दाखवलं आणि तुमचं काम संपलं. ज्याचं फावडं तो माणूस तुमच्या मागे दाराशी उभा होता. चिखल लागू नये म्हणून टाकलेल्या फळीवरून तुम्ही आलात, त्याच फळीवरून गेलात. तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही. चुकायलासुद्धा आधी नीट बघावं लागतं.

आता बसा आणि ऐका.

कौलांचा कारखाना गावाच्या उताराला आहे. ओढ्याकाठची माती काढायची, मळायची, साच्यात दाबायची, वाळवायची आणि भट्टीत लावायची. भट्टी पेटली की सगळा कारखाना एका माणसाच्या तोंडाकडे बघायचा. त्याला गाव आगवाला म्हणायचं. भट्टीच्या तोंडाशी उकिडवं बसून तो जाळाचा रंग बघायचा. लाल दिसला की कोळसा, केशरी झाला की थांबायचं, पिवळ्यावर पांढरी झाक आली की तोंड बंद. आधी बंद केलं तर कौल कच्चं राहतं, पावसात विरघळतं. उशीर झाला तर कौलाला कौल चिकटतं. या दोन्हींच्या मधली वेळ फक्त त्याला कळायची. त्याला भुवया नव्हत्या. कधी गेल्या ते बायकोलाही आठवत नव्हतं. कोपरापासून खाली हातावर केस नव्हते. थंडीतही त्याचं अंग तापलेल्या तव्यासारखं असायचं, आणि लेक लहान असताना म्हणायची, "बाबा, तुमच्याजवळ झोपलं की पांघरूण लागत नाही."

डोळे हळूहळू गेले. आधी डावा. धूर नसला तरी त्याला धूर दिसायचा. मग उजव्यातही धूर भरायला लागला. त्याने कुणाला सांगितलं नाही. बायको चहा घेऊन भट्टीवर यायची तेव्हा तो खालच्या आवाजात विचारायचा, "रंग बघ जरा."

"पिकल्या लिंबासारखा."

"सालीसारखा की आतल्या फोडीसारखा?"

"सालीसारखा."

"मग आहे अजून वेळ. बस."

ती बसायची. परत बघायची. "आता आतल्यासारखा झाला."

तो उठून तोंड बंद करायचा. शेवटचा हंगाम सगळा असाच गेला. कौलं नेहमीसारखी निघाली. कुणाला काही कळलं नाही. मुकादम बायकोला चिडवायचा, "वहिनी, या वयात नवऱ्याला किती चहा पाजाल? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, तुम्हीही पाजा," ती म्हणायची.

मग तिला ताप आला. ती अंथरुणात होती आणि भट्टी पेटलेली होती. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. जे दिसलं त्यावर विश्वास ठेवला. भट्टी उघडली तेव्हा आतली अर्धी कौलं एकमेकांना चिकटून दगड झाली होती. मॅनेजर आला, एक दगड पायाने ढकलून बघितला आणि मुकादमाला काहीतरी बोलून गेला. मुकादम आगवाल्याजवळ आला आणि त्याच्या खांद्याकडे बघत बोलला.

"दादा, घरी बसा आता."

"कधीपासून?"

"आजपासूनच."

आगवाल्याने फावडं खांद्यावर टाकलं आणि घरी आला. फावडं मागायचं कुणाला सुचलं नाही, द्यायचं त्याला सुचलं नाही. घरी येऊन त्याने ते दाराआड टेकवलं आणि बायकोच्या उशाशी बसला. तापात ती पुटपुटली, "रंग कसा होता?"

"चांगला होता," तो म्हणाला.

डॉक्टरने डावा डोळा सोडून दिला. उजव्याबद्दल म्हणाला, "याचं अजून करता येईल. पण थंडी पडायच्या आत करा. नंतर माझ्याकडे येऊ नका." खर्च सांगितला तेव्हा बायकोने मान हलवली, जशी पत्ता सांगणाऱ्यासमोर आपण हलवतो. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, मान काय हलवलीस? कुठून आणणार आहेस?"

"त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. आणखी काय करणार होते?"

हंगाम संपला. पाऊस लागला की कौलं वाळत नाहीत, म्हणून कारखाना बंद होतो. त्या दिवशीची रीत अशी, की मातीवाले, साचेवाले, कोळसेवाले सगळे आपापलं फावडं धुतात आणि लांब शेडच्या भिंतीवर आपापल्या खुंटीला अडकवतात. मुकादम म्हणतो, "सुटलात." पावसाळ्यानंतर बोलावणं आलं की खुंटीवरून फावडं काढायचं, म्हणजे लागलात. शेड बांधलं तेव्हाच प्रत्येकाच्या नावाची खुंटी ठोकली होती. आगवाल्याचीही होती, अगदी कोपऱ्यात. पण तिला फावडं कधी लागलं नाही, कारण तो कधी सुटलाच नाही. भट्टी पावसाळ्यात उघडी सोडली तर ओल पिते आणि पुढच्या जाळाला तडकते. म्हणून तो राखेच्या भोकातून सरपटत आत जायचा, काजळी खरवडायचा, फुटक्या विटा काढून नव्या बसवायचा, आणि भट्टीच्या पोटात थोडासा विस्तव जिवंत ठेवायचा. त्याचे पैसे मुकादम हातावर ठेवायचा. सही नाही, अंगठा नाही. कारखाना बंद, तर हजेरी कसली मांडणार?

त्याच्या खुंटीवर चिमण्या बसायच्या. खालची भिंत पांढरी झाली होती. साचेवाले हसायचे, "दादा, खुंटी चिमणीच्या नावावर करून टाका. ती तरी भाडं देईल."

हंगाम संपल्यावर बायको आणि लेक भट्टीमागच्या राखेच्या ढिगावर जायला लागल्या. राखेत न जळलेले कोळसे असतात. ते वेचून पोत्यात भरायचे आणि लोहाराला विकायचे. पावसात राख चिखल होते, नखांत बसते, निघत नाही. दोघी कमरेत वाकून शेजारी शेजारी वेचत असायच्या.

तिथून निवृत्त पोस्टमन जायचा. पेन्शन सुरू झाल्यापासून तो छत्री फिरवत गावभर हिंडायचा आणि सगळ्यांना सल्ले द्यायचा.

"वहिनी, दादांचा पैसा आला का?"

"कसला पैसा? पगार तर दिला त्यांनी."

"पगार नव्हे हो. नोकरी सोडल्याचा."

बायको राखेतून हात न काढता म्हणाली, "सोडली कुठे? काढलं त्यांना."

"काढलं तरी मिळतो, थकला तरी मिळतो. मला नाही मिळाला? माझ्या घराचा ओटा कशाचा झालाय?"

"तुमचं सरकारी होतं. आम्हाला कोण बक्षीस देणार?"

पोस्टमनने छत्री बंद केली. "ही चूक सगळे करतात. ते बक्षीस नाही, वहिनी. आपण काम करतो त्यातलं थोडं मालकाकडे राहतं असं समजा. जितकी वर्षं केलीत, त्या प्रत्येक वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार, जाताना एकदम. मागायचा असतो, भीक म्हणून नाही. आपलाच असतो."

लेकीने पाठ सरळ केली. "आणि देत नसतील तर?"

"तर कामगार ऑफिस आहे. अर्ज मी लिहून देतो. पण एक आहे. वर्षं एकाला एक जोडलेली पाहिजेत. नोकरी मधे तुटली की मागचं धरत नाहीत."

"म्हणजे दोऱ्यासारखं," बायको म्हणाली.

"अगदी दोऱ्यासारखं."

बायको तशीच वाकून मनात वर्षं मोजत राहिली. ही पोटात होती तेव्हा लागले ते. हिचं लग्न झालं, मोडलं, ही परत आली. एवढ्या वर्षांत एकदाही घरी बसले नाहीत. माझी आई गेली तेव्हासुद्धा, भट्टीत विस्तव आहे म्हणून परत गेले होते. "नाही तुटला," ती म्हणाली. "कुठेच नाही तुटला." आणि तिने हातातला कोळसा पोत्यात टाकायच्या ऐवजी परत राखेत टाकला. लेकीने तो उचलला.

कारखान्याचा कारकून ऑफिसात एकटाच होता. पंख्याखाली बसून शर्टाची बाही वाळवत होता. बायकोने सांगितलं ते त्याने सगळं ऐकलं. ऐकताना तो रागावला नाही, हसला नाही.

"बाई, अर्ज करायचा तर करा. पण आधी कारखान्याची वस्तू जमा करावी लागते. काय आहे तुमच्याकडे?"

"फावडं आहे."

"ते आणून द्या. वस्तू घरात ठेवून पैसे मागणं बरं दिसत नाही."

तिला ते पटलं. आपली बाजू स्वच्छ असावी, एवढंच तिच्या डोक्यात आलं. कुणाच्याही आलं असतं.

घरी येऊन तिने फावडं अंगणात घेतलं. पातं विटेच्या तुकड्याने घासलं, राखेने घासलं, पुसलं. पातं झिजून अर्धं झालं होतं, कडा वितळल्यासारखी गोल. दांडा आगवाल्याने स्वतः तासलेला. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली खळगा पडला होता. तिने त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून बघितला. बसला नाही, सगळीकडून जागा उरली.

तो ओट्यावर बसून आवाज ऐकत होता. "काय घासतेस?"

"फावडं. जमा करायचंय."

"पातं त्यांचं आहे. दांडा माझा आहे."

"मग काढून ठेवू का?"

त्याने ओट्याच्या कडेवर हात फिरवला. "नको. काढलास तर नागडं दिसेल. असंच दे."

लेक दारातून म्हणाली, "दांडा विकत घ्या म्हणावं त्यांना."

"तू गप," आई म्हणाली. पण तिला जरासं हसू आलं. त्या पावसाळ्यात तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने फावडं खांद्यावर टाकलं, नवऱ्यासारखं, आणि कारखान्यात गेली. मुकादम शेडमध्ये पोती मोजत होता. त्याने फावडं हातात घेतलं, पात्यावरून बोट फिरवलं. "वहिनी, आरसा केलात की याचा."

"जमा करायचं म्हणाले कारकून."

"हो, हो. ठेवतो." तो आजूबाजूला बघू लागला. जमा झालेलं फावडं ठेवायची त्याला एकच जागा ठाऊक होती. तो कोपऱ्यात गेला, चिमण्यांना हात करून उडवलं, आणि आगवाल्याचं फावडं आगवाल्याच्या खुंटीला अडकवलं. मूठ खुंटीवर पूर्ण बसेना. त्याने तळहाताने ठोकून बसवली.

पातं खाली आलं आणि भिंतीवरचे पांढरे डाग त्याच्या मागे झाकले गेले. सगळी ओळ एकसारखी झाली.

"आता शोभलं," मुकादम म्हणाला. वाईट मनाने म्हणाला नाही.

पोस्टमनने अर्ज लिहिला. कारखान्याने उत्तर दिलं, की हा माणूस बाकीच्यांसारखा हंगामी, दर पावसाळ्यात सुटणारा, त्याची नोकरी दरवर्षी नवी. मग दिवस गेले. दोघी राखेवर जात राहिल्या. आगवाला ओट्यावर बसून उन्हाकडे तोंड करायचा, ऊन असलं तर. उजव्या डोळ्यासमोर हात धरायचा आणि किती बोटं दिसतात ते बघायचा. आधी सगळी दिसायची. मग हात दिसायचा, बोटं नाही. त्याने हे बायकोला सांगितलं नाही, पण तिने बघितलं होतं. पहाटेच्या वाऱ्यात गारवा यायला लागला होता.

साहेब, मग कामगार ऑफिसातून तुम्ही आलात.

तुमच्यासाठी फळी टाकली होती. मॅनेजरने छत्री धरली होती. तुम्ही ऑफिसात चहा घेतलात आणि शेडमध्ये आलात. तिथे बायको होती, लेक होती, आणि दाराच्या चौकटीला धरून आगवाला होता. तुम्ही मुकादमाला विचारलंत, "हा पावसाळ्यात भट्टीवर असायचा?"

मुकादमाने कारकुनाकडे बघितलं. कारकून बाही बघत होता. "पावसाळ्यात भट्टी बंद असते, साहेब," मुकादम म्हणाला.

लेक म्हणाली, "मुकादमकाका, आमच्याकडे बघून बोला. त्यांच्या हातावर पैसे कोण ठेवायचं?"

"मधे बोलू नका," तुम्ही म्हणालात.

मग ते फावड्याचं झालं. सुटणारे लोक फावडी इथे टांगतात, असं मॅनेजरने तुम्हाला सांगितलं. तुम्ही विचारलंत याचं कुठलं, आणि मुकादमाने बोट दाखवलं. त्याचं बोट पूर्ण वर गेलं नाही, अर्ध्यातच थांबलं. पण तुम्हाला तेवढं पुरलं.

बायको पुढे आली. "साहेब, ते मी आणून दिलंय. याआधी कधीच नव्हतं तिथे."

"तुम्ही दिलंत?"

"हो."

"स्वतःच्या हाताने?"

"हो, पण कारकून म्हणाले की—"

"दिलंत ना? झालं तर मग."

तुम्ही वळलात. फळीवर तुमच्या बुटांचा आवाज झाला, मग गाडीचा.

कौलांवरून पाणी गळत होतं. मग आगवाला म्हणाला, "मला भिंतीपाशी ने."

बायकोने त्याचा हात धरला. त्याने पहिल्या खुंटीला हात लावला. "कुणाची?"

"मातीवाल्याची," मुकादम म्हणाला.

गुळगुळीत होती. फावड्याच्या मुठीने दरवर्षी घासून घासून मधे खोलगट झालेली, तेलकट. त्याने पुढच्या खुंटीला हात लावला. तीही गुळगुळीत. त्याच्या पुढची. तिच्या पुढची. तो भिंतीला धरून चालत गेला, जसा विटा तपासत भट्टीत फिरायचा तसा. कोपऱ्यात पोचल्यावर त्याने आपलं फावडं खाली काढलं. दांड्याचा खळगा अंगठ्याला लागताच कुणी न सांगता त्याला कळलं. फावडं बायकोच्या हातात दिलं आणि खुंटीवरून हात फिरवला.

खुंटीला कोपरे होते. सुताराने तासून ठोकली तेव्हाचे कोपरे. खालच्या अंगाला कोळ्याचं जाळं होतं. त्याने बोट जोरात ओढलं आणि हात मागे घेतला. लाकडाचं कुसळ आत गेलं होतं. बोटाच्या टोकावर रक्ताचा ठिपका आला.

"ही माझी," तो म्हणाला.

मुकादम भिंतीकडे बघत होता. फावडं काढल्यावर मागचे चिमण्यांचे पांढरे डाग पुन्हा दिसायला लागले होते, फक्त तेवढ्याच एका खुंटीखाली. तो म्हणाला, "वहिनी, माझं पोर शिकतंय." कुणी विचारलं नव्हतं.

लेक दारातून बाहेर पळाली. चिखलातून, फळीवरून नाही. गाडी वळणावर गेली होती. ती हात हलवत राहिली. गाडीच्या मागच्या काचेत एक डोकं दिसत होतं, ते वळलं नाही.

घरी आल्यावर बायकोने सुई घेतली आणि नवऱ्याचं बोट उजेडाकडे धरलं. त्या हाताची कातडी इतकी जाड, की सुई आधी वाकली. तो म्हणाला, "राहू दे. दुखत नाही." ती म्हणाली, "मला दिसतंय ते." थोड्या वेळाने कुसळ निघालं. तिने ते ओट्याच्या कडेवर ठेवलं आणि कोळशांचं पोतं उचलून लेकीबरोबर राखेवर गेली. आगवाला उन्हाकडे तोंड करून बसला. ऊन नव्हतं.

थंडी पडली. डॉक्टरकडे कुणी गेलं नाही. तुमचा निकाल पोस्टाने आला, त्यात 'हंगामी' हा शब्द होता. खुंट्यांबद्दल त्यात एवढंच होतं, की फावडं जागेवर आढळलं.

आता मला उत्तर द्या. कायदा कुठला, कलम कुठलं, मी विचारत नाही. ते तुम्हाला पाठ असेल. ती भिंत अजून तिथेच आहे, खुंट्याही आहेत. या, हात लावा, एकेका खुंटीवरून फिरवत कोपऱ्यापर्यंत जा. आणि मग मला सांगा साहेब, जिच्यावर वर्षानुवर्षं फावडं टांगलं गेलं, ती खुंटी माणसाच्या बोटात घुसते का? हो की नाही?